वर्दीपासून पाण्यापर्यंत : मुंबई अग्निशमन दल आणि कांजूरमार्ग

कांजूरमार्गात आग लागून कुणी १०१ लावला, की फोन वाजतो भायखळ्याला, मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयातल्या नियंत्रण कक्षात. रेल्वेच्या हिशेबाने भायखळा इथून वीसेक किलोमीटर. बंब अर्थातच तिथून निघत नाही. वर्षानुवर्षे कांजूरकरांसाठी तो एका अंगाने विक्रोळीहून आणि दुसऱ्या अंगाने मुलुंडहून येत आला. कुठल्या केंद्रातली घंटा वाजवायची, किती गाड्या काढायच्या, शिडी धाडायची की टँकर, हे नियंत्रण कक्षातला माणूस काही सेकंदांत ठरवतो. त्या सेकंदांच्या पाठीशी सव्वाशे वर्षांहून जास्त काळाचा अनुभव आहे आणि त्यातला बराचसा माणसे गमावून मिळालेला आहे.

अग्निशमन दलाचा इतिहास म्हटला की मोठमोठ्या आगींची यादी समोर येते. ती इथेही थोडीफार येईलच. पण या संस्थेची खरी वाटचाल दिसते ती वर्दी, म्हणजे आगीची खबर, मिळण्यापासून पहिले पाणी पडेपर्यंतचा वेळ तिने कसा आवरत आणला त्यात. उपनगरांच्या वाट्याला हा वेळ नेहमीच शहरापेक्षा जास्त आला, म्हणून कांजूरच्या बाजूने हा इतिहास वाचण्याला वेगळा अर्थ आहे.

सुरुवात कोटातली. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या किल्ल्याच्या आत प्रचंड आग भडकली आणि दाटीवाटीने उभी असलेली शेकडो घरे, गोदामे जळाली. त्या वेळी शहराजवळ आग विझवणारी अशी वेगळी यंत्रणा नव्हती. शिपाई, खलाशी, रहिवासी जे हाती लागेल ते घेऊन धावले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घोड्यांनी ओढायचे बंब आले आणि ते काम पोलिसांकडे सोपवले गेले. म्हणजे आग विझवणे हे पोलिसांचे जोडकाम होते. १८८७ हे आजच्या दलाचे स्थापनावर्ष मानले जाते. लगोलग १८८८ च्या महापालिका कायद्याने आगीपासून लोकांचे जीव आणि मालमत्ता वाचवणे हे महापालिकेचे कर्तव्य ठरवले. १८९० मध्ये लंडन फायर ब्रिगेडमधले निकोल्स हे प्रमुख अधिकारी म्हणून आले आणि कवायत, हुद्दे, केंद्रांची रचना यांना लंडनचे वळण लागले. कर्मचाऱ्यांनी केंद्राच्याच इमारतीत राहायचे, घंटा झाली की खाली धावायचे, ही पद्धत त्याच वळणातली. १९०७ मध्ये पहिला मोटारीवर चालणारा बंब आला, तरी घोडे तबेल्यातून लगेच गेले नाहीत. यंत्रावर भरवसा बसायला वेळ लागतो, आणि आगीच्या कामात तो वेळ देणे शहाणपणाचेच होते.

पुढे रस्त्यांवर आणि गोदीत काच फोडून वर्दी देण्याच्या पेट्या बसल्या. काच फुटली की नियंत्रण कक्षाला कळे : अमुक ठिकाणी आग. मात्र केवढी आग, हे पेटी सांगू शकत नव्हती. या उणिवेची किंमत मुंबईने एका शुक्रवारी मोजली.

तो १४ एप्रिल १९४४ चा दिवस. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज दोन दिवसांपूर्वीच लागले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी, तेलाची पिंपे आणि सोन्याच्या विटा असा माल होता. दुपारी दोन नंबरच्या कप्प्यातून धूर दिसू लागला. गोदीवर तैनात असलेल्या पंपाच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाला पिटाळले : नियंत्रण कक्षाला फोन कर आणि ‘नंबर दोन’ सांग. नंबर दोन म्हणजे आग गंभीर आहे, जादा गाड्या पाठवा. तो माणूस फोनपाशी पोहोचला, तर त्या फोनला फिरवायची तबकडीच नव्हती. वेळ दवडण्यापेक्षा बरे म्हणून त्याने शेजारच्या पेटीची काच फोडली. त्याच्या जागी कुणीही हेच केले असते. पण नियंत्रण कक्षाला मिळाली ती साधी वर्दी, आणि साध्या वर्दीला जितके बंब निघायचे तितकेच निघाले : दोन.

त्या दोन बंबांवरचे अधिकारी गोदीत पोहोचले, जहाजात काय भरले आहे हे त्यांना कळले आणि तातडीने आणखी गाड्या मागवल्या गेल्या. दलप्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः आले. ९०० टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले. कापूस मात्र आतल्या आत धुमसत राहिला आणि कप्प्याचे लोखंड लाल होत गेले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. पार सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. शेकडो माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. पाणी मारता मारता ते जागच्या जागी गेले. देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

आधीच जास्त बंब गेले असते तर स्फोट टळला असता का, याचे उत्तर कुणी देऊ शकत नाही. माल इतक्या चुकीच्या पद्धतीने रचलेला होता की कदाचित नसता टळला. पण पहिल्या निरोपात आगीचा आकार कळणे किती मोलाचे, हे त्या तबकडी नसलेल्या फोनने कायमचे शिकवले. आजही मुंबईत वर्दीला क्रमांक असतो. क्रमांक एक म्हणजे किरकोळ. तिथून दोन, तीन, चार असे चढत जाऊन शेवटी ब्रिगेड कॉल, म्हणजे शहरभरातून कुमक. हा क्रमांक जागेवरचा अधिकारी ठरवतो आणि आग पाहून वाढवत नेतो. ‘आगीची वर्दी तीनची केली’ या वृत्तपत्रांतल्या वाक्याचा अर्थ इतकाच नव्हे की आग मोठी आहे. तीनच्या वर्दीला कुठल्या केंद्रांतून किती मोटर पंप, किती जम्बो टँकर, कोणती शिडी, कोणत्या हुद्द्याचा अधिकारी निघायचा हे आधीच ठरलेले असते. त्या एका आकड्याने सगळा ताफा हलतो. लंडनमध्ये अधिकारी थेट एकूण पंपांचा आकडा मागतो, न्यूयॉर्कमध्ये एक अलार्मपासून पाच अलार्मपर्यंतची चढण आहे. तिन्ही शहरांचे तत्त्व एकच : धुरात उभ्या असलेल्या माणसाला लांबलचक मागणी करत बसावे लागू नये.

स्वातंत्र्यानंतर दलाची सूत्रे भारतीय अधिकाऱ्यांकडे आली, एम. जी. प्रधान हे पहिले भारतीय प्रमुख. त्याच सुमारास शहराच्या सीमाही सरकल्या. १९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत गेली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. नकाशावर रेघ ओढून कांजूर मुंबईत आले. पण तेव्हाचे कांजूर म्हणजे एक गाव, पूर्वेला खाडीपर्यंत पसरलेली मिठागरे, पश्चिमेला डोंगर आणि मधून गेलेली रेल्वे. रेघ एका दिवसात सरकते. केंद्र बांधायला जागा, पाण्याची सोय, माणसांच्या राहण्याच्या खोल्या, गाड्या हे सारे लागते. उपनगरांत आधी कारखाने आले, मग कामगारांच्या वसाहती, मग झोपड्या आणि शेवटी मनोरे, आणि या प्रत्येक टप्प्यावर बंब थोडा मागेच राहिला.

लालबहादूर शास्त्री मार्गाच्या या पट्ट्यात विक्रोळीला गोदरेज, कांजूरला क्रॉम्प्टन, भांडुपला सिएट आणि एशियन पेंट्स अशी नावे एकापाठोपाठ उभी राहिली. रबर, रंग, विजेची यंत्रे : प्रत्येकाची आग वेगळी. पाण्याने रंगाचे पिंप विझत नाही, तिथे फोम लागतो. चालू वीज असेल तर आधी पुरवठा तोडावा लागतो. म्हणून वर्दी घेणारा पत्ता विचारतो तसेच ‘काय जळतंय?’ हेही विचारतो. कितवा मजला, कुणी अडकले आहे का, जवळची खूण कोणती, हे प्रश्न त्यानंतरचे. त्याच वेळी पोलीस, १०८ ची रुग्णवाहिका, विभाग कार्यालय आणि वीज कंपनी यांनाही निरोप जातो. मुंबईत वीज कंपनीही जागेनुसार बदलते : शहरात बेस्ट, उपनगरांत मुख्यतः अदानी, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. चुकीच्या कंपनीला फोन लागला तर तारा तेवढा वेळ जिवंत राहतात.

गाडीत कोण बसते, हा भाग लोकांना कमी ठाऊक असतो. मोटर पंप हा केंद्राचा मुख्य घोडा. त्याच्यावर साधारण सहा जण : पुढे अधिकारी किंवा प्रमुख अग्निशामक, शेजारी यंत्रचालक, मागे अग्निशामक. यंत्रचालकाला नुसता ड्रायव्हर म्हणणे अन्यायाचे आहे. गाडी जागेवर उभी केल्यावर त्याचे खरे काम सुरू होते. पंप चालू करणे, दाब सांभाळणे, टाकीतले पाणी किती मिनिटे पुरेल याचा अंदाज घेऊन टँकर कधी जोडायचा ते पाहणे, हे सगळे तो एकटा करतो. आत जिन्यात ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, धरून उभे असलेले दोघे त्याच्या हातावर जगतात. दाब अचानक पडला तर त्यांच्यापुढची पाण्याची भिंत पडते. अचानक वाढला तर होज त्यांना आपटतो.

पाळी बदलताना कुठल्याही केंद्रात जाऊन पाहावे. गाड्यांचे कप्पे एकामागून एक उघडले जातात. होजच्या गुंडाळ्या, ब्रांच, हायड्रंटच्या चाव्या, कुऱ्हाड, दोर, लोखंड कापायची हत्यारे यांची मोजणी होते. मग बीए सेट, म्हणजे पाठीवरची हवेची नळकांडी आणि तोंडावरचा मुखवटा. नळकांडे पूर्ण भरले की काटा ३०० बारच्या आसपास असतो. कागदावर ही हवा अर्धा-पाऊण तास पुरते. पायऱ्या चढून दमलेला, वजन ओढणारा माणूस ती बरीच लवकर संपवतो. दाब ठरावीक रेषेखाली गेला की शिटी वाजू लागते, आणि शिटी वाजली की कितीही काम बाकी असले तरी मागे फिरायचे. आत जाणाऱ्याचा टॅली, म्हणजे ओळखीचा बिल्ला, बाहेरच्या फळीवर लागतो, त्यावर आत गेल्याची वेळ आणि दाब लिहिला जातो. फळीपाशी उभा असलेला माणूस आगीकडे पाहत नाही, घड्याळाकडे पाहतो. सकाळी तपासताना ज्याचा काटा पाच-दहा बारने कमी दिसला तो सेट तिथेच बाजूला काढला जातो. माझ्या मते दलाची गुणवत्ता जोखायची असेल तर नव्या गाड्यांच्या पूजेपेक्षा ही रोजची मोजणी पाहावी.

आणि सगळे नीट असूनही माणसे जातात. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. गल्ली अरुंद, आत लाकूड, मोठी गाडी जवळ नेणे मुश्कील. इमारतीचा भाग कोसळला. केंद्र अधिकारी संजय राणे आणि महेंद्र देसाई त्यात गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी पुढच्या काही दिवसांत रुग्णालयात प्राण सोडले. एका आगीत दलाचे वरिष्ठ अधिकारी गेले, कारण मुंबईत प्रमुख मागे उभे राहून हुकूम देत नाहीत, ते आत जातात. त्याआधीच्या वर्षी, जुलै २०१४ मध्ये, अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कच्या आगीत नितीन इवलेकर हे अग्निशामक गेले होते. ही नावे दलात आजही घेतली जातात.

कांजूरच्या अगदी उंबऱ्यावरची आग म्हणजे भांडुपच्या ड्रीम्स मॉलची. २५ मार्च २०२१ ची रात्र, बाराच्या आधीची वेळ, करोनाचा काळ. आग मॉलच्या खालच्या भागात लागली होती, पण वरच्या मजल्यावर सनराइज रुग्णालय होते आणि तिथे सत्तरहून अधिक रुग्ण. धूर वर चढला. वर्दीचा क्रमांक चढत गेला, वीसहून अधिक गाड्या आल्या. अशा ठिकाणी दलाला एकाच वेळी दोन लढाया लढाव्या लागतात : खाली पाणी मारायचे आणि वरून प्राणवायूवर असलेली माणसे खाली आणायची. चालता येणाऱ्याला एक अग्निशामक पुरतो. खाटेवरच्या रुग्णाला चौघे लागतात, आणि त्या चौघांच्या पाठीवरची हवा आपल्या वेगाने संपतच असते. अकरा जण दगावले. पंपांच्या आकड्यापेक्षा अशा वेळी माणसांचा आकडा महत्त्वाचा ठरतो, हे त्या रात्री लालबहादूर शास्त्री मार्गावर उभ्या असलेल्या प्रत्येकाने पाहिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कांजूरमार्ग पूर्वेला इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका सेवा केंद्राला रात्री मोठी आग लागली आणि पुन्हा रस्ताभर बंब दिसले.

उंचीचा प्रश्न हा या भागाचा नवा प्रश्न. दलाच्या ताफ्यात ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी आहे. २२ जुलै २०१९ रोजी वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीच्या गच्चीवर अडकलेल्या ८४ जणांना शिड्यांनीच सुखरूप उतरवले. ते दृश्य मुंबईने दूरचित्रवाणीवर पाहिले. पण तिथे समोर रुंद रस्ता होता. एवढ्या मोठ्या गाडीला चारही पाय पसरून रोवायला सपाट, भक्कम, मोकळी जमीन लागते. सोसायटीच्या आवारात दोन रांगांत मोटारी लावलेल्या असतील, वरून केबलींचे जाळे असेल, किंवा पेव्हर ब्लॉकखाली पोकळ टाकी असेल, तर ९० मीटरची शिडी फाटकाबाहेर उभी राहते. शिवाय शिडी शहरात मोजकीच. ती येईपर्यंत जवळच्या केंद्राचा मोटर पंप आणि त्याच्यावरची सहा माणसे हीच फौज असते.

कांजूरचा रस्ता हाही त्यातलाच भाग. लालबहादूर शास्त्री मार्ग आधीच भरलेला, त्यावर मेट्रो चारचे खांब. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचा नाका गर्दीच्या वेळी हलत नाही. पूर्व-पश्चिम जायचे तर रेल्वेवरचा पूल गाठावा लागतो, म्हणजे नकाशावर हाकेच्या अंतरावर असलेली इमारत बंबासाठी दूरची ठरते. शहरी भागात पाच मिनिटांत बंब पोहोचावा असा राष्ट्रीय पातळीवरचा दंडक आहे. संध्याकाळी सात वाजता या नाक्यावर उभे राहून पाहिले की तो दंडक पाळायला काय लागेल ते कळते : वेगवान गाडीपेक्षा जवळचे केंद्र.

महापालिकेने हे ओळखले. अलीकडच्या वर्षांत नव्या केंद्रांची जी आखणी झाली तीत कांदिवलीचे ठाकूर व्हिलेज, जुहू तारा रस्ता अशा जागांबरोबर कांजूरमार्ग पश्चिमेचा लालबहादूर शास्त्री मार्गही आला. त्याच्या जोडीला छोटी केंद्रे आणि जलद प्रतिसाद वाहने ही कल्पना राबवली गेली. ही वाहने लहान, पाणी थोडे, माणसे मोजकी. पण अरुंद गल्लीत शिरतात आणि पहिल्या काही मिनिटांत स्वयंपाकघरातली आग स्वयंपाकघरातच रोखू शकतात. मोठी गाडी मागून येते तोवर आगीला बैठकीच्या खोलीत येऊ न देणे, एवढेच त्यांचे काम, आणि ते फार मोठे काम आहे.

केंद्र उभे राहिले तरी त्यात माणसे हवीत. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दहिसरच्या मैदानावर ९१० अग्निशामकांच्या पदांसाठी भरती झाली. राज्यभरातून मुले आली, मुलीही मोठ्या संख्येने आल्या. निवड झालेल्यांना लगेच गाडीवर चढवता येत नाही. आधी महिनोन्महिने कवायत, शिडी, दोर, धुराने भरलेल्या खोलीत अंदाजाने चालणे. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. १९५६ मध्ये रामपूरला सुरू होऊन वर्षभरात ते नागपूरला आले. निवृत्तीमुळे जागा रिकामी होते ती एका दिवसात, भरायला मात्र दोन-तीन वर्षे जातात. भरती दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात व्हायला हवी. अनेक वर्षांनी एकदम शेकड्यांनी नव्हे.

कारण काम नुसत्या आगीचे राहिलेले नाही. पावसाळ्यात झाडे पडतात, दरडी कोसळतात. जुलै २०२१ मध्ये विक्रोळीच्या सूर्यनगरमध्ये डोंगराचा कडा घरांवर आला तेव्हा ढिगारा उपसायला याच भागातले जवान होते. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर अजस्र जाहिरातफलक कोसळला. खाली माणसे आणि मोटारी, आजूबाजूला पेट्रोल. ठिणगी उडेल म्हणून गॅस कटर चालवणे धोक्याचे. लोखंड उचलून, थोडे थोडे सरकवून काम करावे लागले आणि ते दोन दिवसांहून जास्त चालले. विक्रोळी-मुलुंडच्या गाड्या अशा जागी अडकल्या की त्यांच्या मूळ हद्दीत दुसऱ्या केंद्राची गाडी आणून उभी करावी लागते. त्या दिवशी कांजूरचा बंब आणखी लांबून निघतो.

आता कांजूरमार्गातल्या नव्या इमारतींविषयी. उंच इमारतीत दल आपले पाणी वर ओढत बसत नाही. इमारतीच्याच रायझरला (उभ्या जलवाहिनीला), तिच्याच पंपाला, तिच्याच टाकीला होज जोडते. म्हणजे दहाव्या मजल्यावरच्या आगीत दलाचा निम्मा सरंजाम सोसायटीच्या मालकीचा असतो. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम ही जबाबदारी मालकावर आणि रहिवाशांवर टाकतो : परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घ्यायची आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, नमुना ‘ब’चे प्रमाणपत्र दलाकडे द्यायचे. अनेक सोसायट्या तो कागद देतात, पण पंप चालू करून पाहत नाहीत. पंपाच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे हे रात्रपाळीच्या रखवालदाराला ठाऊक नसते, होजच्या पेटीत झाडू ठेवलेले असतात, आसऱ्याच्या मजल्यावर जुने फर्निचर रचलेले असते. कांजूरमार्ग पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या सोसायट्यांनी येत्या जुलैच्या प्रमाणपत्राआधी एका रविवारी गच्चीवरचा होज उघडून खरोखर पाणी येते का ते पाहावे, विक्रोळी किंवा मुलुंडच्या केंद्राला कळवून कवायतीसाठी बोलवावे, आणि पंपाच्या किल्लीचा एक जोड फाटकावरच्या चौकीत टांगून ठेवावा.